झुंबराच्या कड्या

आमच्या गावात एकदा बागेचा जीर्णोद्धार झाला. त्यात जीर्ण काय होतं आणि उद्धार कोणाचा झाला, हे मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेलं नाही. पण ज्यांनी तो केला ते पुढं कितीतरी वर्षं एकमेकांना हार घालत होते, म्हणजे झाला असेलच. मी आता म्हातारी झाले, मला कोणाची भीडभाड राहिलेली नाही, म्हणून जे पाहिलं ते सांगते.

इंग्रजी अमलातली गोष्ट. नंदुरबारला स्टेशनाकडून गावात येताना डाव्या हाताला ती बाग लागायची. बाग म्हणजे काय, एक खोल विहीर, तिच्यावर मोट, डाळिंबं, लिंबं, दारासमोर भलीथोरली चिंच आणि मधोमध उंच जोत्यावरचं घर. घराला चारी बाजूंनी पडवी, मध्ये मोठा हॉल, वर सातपुड्यातल्या सागाच्या तुळया. फार मागं गुजरातेतून आलेल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं हे सगळं उभं केलं होतं. त्याची बायको लवकर गेली. मुलगी एकच, ती लांब दिलेली. आई नसलेल्या पोरीनं आखाजीला यावं कुठं आणि बसावं कुठं, म्हणून त्यानं तिच्यासाठी आणि तिच्या मैत्रिणींसाठी ही बाग लावली, आणि मरताना गावाला देऊन टाकली. हे आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पुरुषांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, असं पंचांगवाले म्हणतील. म्हणोत बापडे. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. एरवी सासरचे पाठवोत न पाठवोत, आखाजीला लेक माहेरी यायचीच. सकाळी पितरांच्या नावानं पाण्याची घागर पुजायची, दुपारी पुरणाचे मांडे आणि आंब्याचा रस, आणि मग दोर घेऊन बागेत. त्या चिंचेची एक फांदी चांगली आडवी गेलेली होती, दोरांनी घासून घासून तिच्यावर खाचा पडल्या होत्या. पहिला झोका माहेरच्या माणसानं द्यायचा, बापानं नाहीतर भावानं. आणि झोक्यावर बसल्यावर बाईनं काहीही म्हणावं. सासूला शिव्या द्याव्यात, नवऱ्याचं सोंग करावं, नणंदेच्या नावानं बोटं मोडावीत. गाण्यात म्हणायचं, एवढीच अट. ते कोणी सासरी पोचवायचं नाही, त्याला कोणी उत्तर द्यायचं नाही, आणि बाई खाली उतरली की ते संपलं. वर्षभर तोंड दाबून राहिलेल्या बाया त्या एका दिवसावर पुढचं वर्ष काढायच्या. पुरुष त्या दिवशी उघड्यावर पत्ते कुटत बसायचे. त्यांना काय.

बागेची अवकळा झाली होती, हे खरं. घर नगरपालिकेनं मिरचीच्या एका शेठना वापरायला दिलेलं होतं. मिरचीचा मोसम आला की आमच्याकडं गावाबाहेरची मोकळी जमीन सगळी लाल होते. शेठनी बागेतही मिरची वाळत घातली, हॉलात पोती रचली, आणि वर्षानुवर्षं तिथं मिरची भरली, उपसली, पुन्हा भरली. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आखाजीपर्यंत पोती निघालेली असायची, आणि चिंच काही कोणी शेठना दिलेली नव्हती.

मग एके वर्षी धुळ्याहून कलेक्टरसाहेब दौऱ्यावर आले आणि मोटारीतून उतरता उतरता म्हणाले, की घर छान आहे. एवढंच म्हणाले. बिचाऱ्यांना सावलीत उभं राहायचं असेल. पण आमच्या वकीलसाहेबांच्या अंगात आलं. वकीलसाहेब नगरपालिकेत वजनदार, पुण्यात शिकून आलेले, दर वाक्याला ‘आमच्या पुण्यात’ म्हणायचे, जसं काही पुणं यांच्या परसात होतं. त्यांनी लगोलग कमिटी केली. कमिटीत ते स्वतः, इंग्रजी शाळेचे हेडमास्तर, ज्यांनी घराची ती दशा केली ते मिरचीवाले शेठ, आणि शेतीतलं कळतं म्हणून आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील.

आप्पा मुळात वाईट नव्हते. तापीकडची पिढीजात काळी जमीन, गोठ्यात बैल, घरात खाऊनपिऊन सुख. पण एकदा त्यांना साहेबी बैठकीत खुर्ची मिळाली आणि त्यांचं डोकं फिरलं. ज्या माणसानं जन्मात कधी दात पाहिल्याशिवाय बैल घेतला नाही, तो वकीलसाहेबांचं इंग्रजी ऐकून मान डोलवायला लागला. आई विचारायची, काय बोलले ते? आप्पा म्हणायचे, फार चांगलं बोलले. आई पुढं काही विचारायची नाही, नुसती तवा आपटायची.

हेडमास्तरांनी इतिहास लिहायला घेतला. कापसाच्या व्यापाऱ्यानं पोरीसाठी बांधलेलं घर हा काही इतिहास नव्हे, तो साहेबाला कसा दाखवणार? तेव्हा सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाताना बादशहाचा मुक्काम इथंच पडला असला पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं. कोणता बादशहा, ते तेवढं ठरायचं राहिलं होतं. हॉलातल्या तुळयांना ओळीनं जाडजूड लोखंडी कड्या होत्या. त्या कशाच्या, यावर कमिटीत घनघोर चर्चा झाली आणि बादशहाच्या झुंबराच्या, असा निकाल लागला. मग कड्यांना सोनेरी रंग दिला. आप्पांनी हे घरी येऊन मोठ्या अभिमानानं सांगितलं, तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिला कशाचं हसू आलं ते मला त्या वेळी कळलं नाही. आप्पांनाही कळलं नाही. विचारायची पद्धत नव्हती.

शेठनी जीर्णोद्धाराला आपला हातभार लावला तो असा, की हॉलातली पोती मागच्या खोलीत ढकलली आणि दाराला कुलूप लावून वर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी टांगली. भिंतींना पांढराशुभ्र चुना दिला. तुळयांच्या वरची धूळ कोणी झाडली नाही, कारण ती खालून दिसत नव्हती. या लोकांचं सगळं काम असंच, खालून दिसेल तेवढं.

आणि मग गुलाब. बादशहाच्या बागेत डाळिंबं कशी चालतील? डाळिंबं उपटली. गुलाबाची कलमं पुण्याहून रेल्वेनं यायची होती, पौषात. फलाटावर पडून राहिली तर सुकतील, म्हणून जाणत्या माणसानं स्वतः उतरवून घ्यावीत असं ठरलं, आणि आप्पा स्टेशनावर जाऊन बसले. पहिल्या गाडीनं कलमं आली नाहीत. पुढच्या गाडीनंही नाहीत. आप्पा आपले बाकावर, डबा घरून जातोय, शेजारी गोणपाट भिजवून तयार. घरच्या बाळंतपणालाही त्यांनी एवढी तयारी कधी केली नव्हती.

मी तेव्हा माहेरीच होते. आदल्या उन्हाळ्यात माझं लग्न होऊन मी तळोद्याला गेले होते आणि पहिल्या संक्रांतीला घरी आले होते. माझं सासर बरं होतं. माझी थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणायचो, ती तापीकाठच्या एका गावी दिलेली. केळीचं, कापसाचं मोठं घर, पण माणसं अशी की घरात हसण्याचा आवाज आला तर भिंती दचकतील. आक्काला आश्विनात मुलगा झाला होता, आमच्याच घरी. बारसं झालं, बाळंतीण सव्वा महिन्याची झाली आणि ते तिला घेऊन गेले.

त्याच पौषात, आप्पा स्टेशनावर बसलेले असताना, आक्काच्या गावचा गाडीवान निरोप घेऊन आला. बाळाला धाप लागली आहे, घरचे झाडपाल्यावर भागवतायत, आप्पांनी ताबडतोब गाडी घेऊन यावं आणि बाळाला नंदुरबारच्या डॉक्टरकडं न्यावं. आईनं गाडीवानाला उभ्या उभ्या तसाच स्टेशनावर पिटाळला. आप्पांनी त्याला सांगितलं, की गाडी आता येईलच, तेवढी कलमं उतरवून घेतो आणि निघतोच. गाडीवान त्यांचं ऐकून परत गेला. गाडी आली, तीत कलमं नव्हती. ती दुसऱ्या दिवशी आली. आप्पांनी ती उतरवली, बागेत नेली, आळी करून लावली, मोट धरायला लावून पाणी पाजलं, आणि मग गाडी जुंपली. ते पोचले तेव्हा बाळाला पुरून लोक परत येत होते.

आक्काला त्यांनी सांगितलं, की वाटेत गाडीचा आस मोडला. घरी येऊनही तेच सांगितलं. आस धडधाकट होता, मी स्वतः गोठ्यासमोर गाडी पाहिली होती. बापाला खोटं पाडायचं आमच्या घरात कोणाला येत नव्हतं, आणि ते जिथं बोलता यावं अशी जागा गावात एकच होती, चिंचेखाली.

ती चिंच फाल्गुनात तोडली. सुरतेहून फोटोवाला बोलावला होता, त्यानं काळ्या फडक्यात डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, घराची दर्शनी बाजू झाडामागं जाते. झालं. साहेबांबरोबरच्या फोटोत घर दिसलं पाहिजे, मग झाड कशाला? मी तळोद्याला होते. आईनं मला पुढं सांगितलं, की तिनं आयुष्यात पहिल्यांदा आप्पांच्या कमिटीत तोंड घातलं.

ती म्हणाली, “पोरी झोका कोठे बांधतीन?”

आप्पा म्हणाले, की बायकांसाठी बाकं करणार आहोत, त्यांनी बसून फुलं पाहावीत. फुलं पाहावीत! वर्षभर शेण-पाणी-भाकरी करणाऱ्या बाईनं माहेरी येऊन बाकावर हात जोडून गुलाब बघायचा. चिंच पाडली. बुंधा इतका चिवट की तो काही निघाला नाही, तेव्हा त्याच्यावर सिमेंटची कुंडी ठेवली आणि कुंडीत गुलाब लावला.

आता उद्घाटनाचा मुहूर्त. वकीलसाहेबांनी जोशीबुवांना विचारलं. जोशीबुवा म्हणाले, साडेतीन मुहूर्तांतली अक्षय्य तृतीया समोर आहे, तिच्यापरतं काय शोधता? साहेबांच्या दौऱ्यातही तोच दिवस बसला. कमिटी खूश. चार शहाणी माणसं, त्यातली दोन पिढ्यान्‌पिढ्या शेती-व्यापार करणारी, आणि एकाच्याही टाळक्यात आलं नाही की आखाजीला सालदारांचं साल संपतं. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी त्या दिवशी मोकळा होतो. नवी बोली होईपर्यंत तो कोणाचा नोकर नाही, त्याला देवही हाक मारत नाही. आणि बागेची मोट, झाडलोट, फाटक, साहेबांसाठी टांगलेला पंखा, सगळं आप्पांच्या आणि शेठच्या सालदारांवर चाललेलं. सालदाराशिवाय यांना स्वतःचा तांब्या भरून घेता येत नव्हता, पण त्याचं साल कधी संपतं हे यांच्या ध्यानात नव्हतं.

इकडं आक्काच्या सासरच्यांनी तिला पाठवायला साफ नकार दिला. मूल गेलेल्या बाईनं वर्षाच्या आत झोक्यावर बसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. आक्कानं आईला निरोप धाडला होता. फार मोठा नव्हता. “माले एकदाव झोकावर बसनं शे.” आईनं तो आप्पांना सांगितला आणि म्हणाली, काहीही करा, पोरीला आणा. आप्पा गेले. विहिणीसमोर पागोटं काढून ठेवलं. तेव्हा कुठं एका दिवसाची परवानगी मिळाली, संध्याकाळी जावई येऊन घेऊन जातील, या बोलीवर. आप्पांना वाटलं, पोरीचं मन रमेल. ती झोक्यावर बसून काय म्हणणार आहे, हे आई जाणून होती, मी जाणून होते. आप्पांना एकट्याला माहीत नव्हतं. आणि आक्काला माहीत नव्हतं की चिंच राहिलेली नाही. आप्पांनी सगळ्या वाटेत तिला ते सांगितलं नाही.

मी आखाजीच्या आदल्या दिवशी तापीच्या वाळूतून गाडीनं आले. आक्का आली ती आखाजीच्या सकाळी. वाळून काटकुळी झालेली, डोळे कोरडे. आईच्या गळ्यात पडली नाही, रडली नाही. आईनं घागर पुजली, आजोबा-पणजोबांची नावं घेतली. तान्ह्या बाळाच्या नावानं घागर नसते, तसा नियम आहे. आक्का भिंतीला टेकून घागरीकडं बघत राहिली.

आप्पा तिला घरी सोडल्यापासून गावभर फिरत होते. सालदार लिंबाखाली पत्ते मांडून बसले होते. आप्पांनी विनवलं, मोट धरा, फाटकावर उभे राहा, पंखा ओढा. ते म्हणाले, बसा आप्पा, एक डाव खेळून जा. नगरपालिकेचा पट्टेवालाही त्यांच्यातच. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना कोणी मिळालं नाही, आणि ते सिल्कचा फेटा बांधून तसेच कमिटीबरोबर नाक्यावर साहेबांच्या मोटारीची वाट पाहायला गेले.

उन्हं कलली तशा आम्ही दोर आणि पाट घेऊन बागेत निघालो. गावातल्या सगळ्या माहेरवाशिणी, नव्या लुगड्यांतल्या, हसत-खिदळत. फाटक उघडं, अडवायला कोणी नाही. आत शिरलो. चिंचेच्या जागी उघडं आभाळ आणि खाली कुंडीतला गुलाब, पाण्याविना मान टाकलेला. काही जणींना ठाऊक होतं, काहींना नव्हतं. एकजण रडायला लागली. कोणी वकिलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, खरा उद्धार झाला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

आक्का कुंडीजवळ उभी राहिली. तिनं बुंध्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता ही बसकण मारते. एकच दिवस होता आणि तोही उतरणीला लागलेला. मला आप्पांची इतकी चीड आयुष्यात कधी आली नव्हती. पण आक्का पायऱ्या चढून पडवीत गेली, पडवीतून हॉलात. आम्ही मागून. ती मान वर करून तुळयांकडं बघत होती. सोनेरी कड्या, ओळीनं, जोडी जोडीनं. ऊन फार झालं तर पोरीला घरात झोका बांधता यावा, म्हणून त्या गुजराती बापानं घातलेल्या. मला तेव्हा आईचं हसू कळलं.

हॉलात साहेबांच्या चहासाठी टेबल मांडलेलं होतं, त्यावर हिरवं कापड. मी लुगडं खोचून त्या टेबलावर चढले, दोराच्या टोकाला खडा बांधला आणि कडीतून पलीकडं टाकला. दोन्ही दोर ओढून पाहिले. कड्या हलल्या नाहीत. आक्का पाटावर बसली, पण पाय जमिनीवर ठेवून. कोणी झोका द्यायला पुढं झालं तर तिनं हातानं थांबवलं.

तेवढ्यात बाहेर मोटार वाजली. वकीलसाहेब पुढं, मग कलेक्टरसाहेब टोपी हातात घेऊन, मग इतिहासाची गुंडाळी धरलेले हेडमास्तर, शेठ, आणि सगळ्यांत मागं आप्पा. दारात आले आणि थबकले. बादशहाच्या झुंबराखाली आमची आक्का बसलेली. वकीलसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. साहेबाला काही कळेना, तो आपला कौतुकानं हसत होता. वकीलसाहेब दात-ओठ खात आप्पांना म्हणाले, की तुमचीच मुलगी ना ही, हिला आधी उतरवा. आप्पा लगबगीनं पुढं आले. हात जोडल्यासारखे करत ते तिला काहीतरी समजावू लागले, साहेब आहेत, उद्या बांधू, घरी बांधू.

आक्का म्हणाली, “पहिला झोका तुम्ही द्या, आप्पा. मंग उतरसू.”

आता याला नाही कसं म्हणायचं? पहिला झोका बापाचा. आप्पांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि पाटाला हात लावून हलकेच झोका दिला. आक्कानं पाय उचलले. झोका पुढं गेला, मागं आला. आणि ती म्हणाली, गाण्यात म्हणायचं म्हणून गाण्यात, पण आवाज अगदी घरात बोलल्यासारखा:

“टेसनवर गुलाब येवाना, बाप मन्हा वाट दखे,
गाडावर निरोप लेकना, तेनी वाट कोन दखे.
आस नही मोडना, आप्पा, माले गाडीवाननी सांगं,
गुलाबले पानी भेटनं, तान्हाले डाक्तर भेटना नही.”

बाया खाली मान घालून उभ्या. सगळ्या गावाला ते गुलाब माहीत होते, ते स्टेशन माहीत होतं. कलेक्टरसाहेबानं वकीलसाहेबांना विचारलं, काय म्हणते आहे ही बाई? वकीलसाहेबांनी काय भाषांतर केलं देव जाणे, पण साहेबानं मान हलवून ‘व्हेरी नाइस’ म्हटलं.

आप्पा जागच्या जागी उभे. झोका त्यांच्यापर्यंत येत होता, परत जात होता. उत्तर द्यायचं नाही असा नियम. झोका मंद व्हायला लागला.

वकीलसाहेब म्हणाले, “आप्पासाहेब, पुरे झालं. उतरवा त्यांना.”

आप्पांनी वकीलसाहेबांकडं पाहिलं. नंतर हेडमास्तरांच्या हातातल्या गुंडाळीकडं. मग ते आक्काच्या मागं गेले, दोन्ही हात पाटाला लावले आणि सगळा जोर काढून झोका दिला. मग आणखी एक, आणखी एक. आक्का तुळईच्या उंचीला जाऊ लागली. सागाची तुळई करकरली, आणि वर्षानुवर्षं तिच्यावर साचलेली शेठची मिरची खाली यायला लागली. आधी थोडी, मग लाल धुरळाच. पहिली शिंक साहेबाची. मग शेठ, मग हेडमास्तर, मग सगळा हॉल. तो खकाणा घशात गेला की माणसाला बादशहा आठवत नाही, आई आठवते. साहेब डोळे पुसत मोटारीकडं धावला, त्याच्यामागं वकीलसाहेब, खोकत खोकत माफी मागत. इतिहासाची गुंडाळी चहाच्या टेबलाखाली पडली ती तिथंच राहिली. फोटोवाल्यानं म्हणे बाहेरून एक फोटो काढला होता. त्यात दर्शनी बाजू छान आली होती आणि दारातून माणसं नाक धरून पळत होती.

आप्पा हलले नाहीत. खोकत होते आणि झोका देत होते. आक्का थांब म्हणाली तेव्हाच थांबले.

ती उतरली. उतरली म्हणजे संपलं, तसा नियम. तिनं बापाकडं पाहिलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “आप्पा, तुम्हना फेटा मिरचीनं भरी गया.” तिनं त्यांच्या डोक्यावरचा फेटा काढला, पडवीत नेऊन झटकला आणि त्यांच्या हातात दिला. मग घरी येऊन ती आईच्या कुशीत शिरून रडली. पौषापासून पहिल्यांदा रडली. संध्याकाळी जावई आले आणि तिला घेऊन गेले.

जीर्णोद्धाराचं विचाराल तर, ऐन वैशाखात मोटेला गडी नव्हता, गुलाब आठवड्यात वाळून काड्या झाले. आप्पांनी ते वाळू दिले. बाजूनं जाताना तिकडं पाहत नसत. कमिटीतून त्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा वकीलसाहेब गावभर म्हणत फिरले, की या लोकांना ऐतिहासिक वास्तूची जाण नाही. हेडमास्तरांचा इतिहास छापला गेला. पुढच्या मोसमात शेठची पोती मागच्या खोलीतून पुन्हा हॉलात आली. आणि आम्ही दर आखाजीला पोती निघाली की तिथं झोके बांधायला लागलो, ते कमिटीला न विचारता.

आप्पांनी आक्काकडं कधी माफी मागितली नाही. माफी मागणं त्यांना येत नव्हतं, त्यांच्या पिढीतल्या कोणा बापाला येत होतं? पुढच्या आखाजीला आक्का आली. आईनं घागर मांडलेली होती, पितरांची. तिच्यापासून जरा दूर, कोपऱ्यात, एक लहानसं मडकं होतं, तांब्याएवढं, पाण्यानं भरलेलं, वर आंब्याची एक कैरी. सकाळी कुंभाराकडं जाऊन ते आप्पा स्वतः घेऊन आले होते, आणि पाणीही त्यांनी स्वतः शेंदलं होतं. पूजेला आलेले भटजी म्हणाले, अहो, तान्ह्या पोराच्या नावानं घागर नसते. आप्पा म्हणाले, तुम्ही तुमचं चालू द्या.

आक्का ते मडकं बघत उभी राहिली. मग खाली बसली, दोन्ही हातांनी ते उचललं आणि सरकवून घागरीच्या ओळीत ठेवलं.